कौल कुणाच्या नावाचा?

हात जोडा मंडळी, मनातल्या मनात आपापल्या देवाला हाक मारा, आणि कुणाला खोकायचं असेल तर आत्ताच खोकून घ्या. एकदा मी सुरू झालो की मग मला राग येतो! तुम्ही म्हणाल, बुवांना राग? येतो! लवकर येतो. आमच्या पेटीवाल्यांना विचारा, ते माझ्याबरोबर एकोणीस वर्षं आहेत आणि अजून एका बाजूला सरकूनच बसतात.

आज एक प्रश्न घेऊन आलोय. आधी हात वर करा बघू – कुणाकुणाच्या घरचं माणूस परदेशात आहे? ... अरे बापरे! ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत! बरं, हात खाली. आता सांगा – ते माणूस जायचं की नाही, हे ठरलं कसं? कुणी ठरवलं? आई म्हणेल बापाने, बाप म्हणेल नशिबाने, आणि अगदीच कुणी सापडलं नाही तर – देवाने! माझा प्रश्न एवढाच आहे. देवाला तुम्ही विचारलंत, फार चांगलं केलंत. पण विचारलंत काय? आणि कुणाच्या नावाने?

ऐका तर. कोकणात, अगदी खाली, करंजखोल म्हणून एक गाव. तिथली माणसं मालवणी बोलतात. मी आपल्या साध्या भाषेत सांगतो, मध्ये मध्ये चवीपुरती मालवणी घालीन. चुकली तर त्या गावचं कुणी बसलं असेल त्याने नंतर येऊन भांडावं. आत्ता नको!

त्या गावात प्रल्हाद धुरी नावाचा गृहस्थ. पंप, मिक्सर, पंखे दुरुस्त करायचं दुकान. हात असा, की बंद पडलेला पंप ह्याने नुसता हलवला तरी पाणी यायचं. पण स्वभाव? काही म्हणजे काही ठरवता यायचं नाही हो! बाजारात भाजी आणायला पाठवला तर भेंडी बघायचा, दोडका बघायचा, परत भेंडी बघायचा, आणि रिकामी पिशवी घेऊन घरी. हसू नका! तुमच्या शेजारी बसलाय तो, मला दिसतोय!

घरात वडील – आबा धुरी. चौतीस वर्षं एसटी चालवली. घाटात ब्रेक मारल्यासारखं बोलायचे, एकदम. आणि प्रल्हादाची बायको वैजयंती. सगळे वैजू म्हणायचे. तालुक्याच्या दवाखान्यात नर्स. कामाला वाघीण! रडणारं पोर हिला बघून गप्प व्हायचं, आणि रडणाऱ्या पोराचा बापसुद्धा.

तर एका सोमवारी, दुपारी जेवताना, वैजू म्हणाली, "आयर्लंडच्या हॉस्पिटलातून पत्र आलंय. माझी निवड झाली. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

झालं! आबांचा घास हातात, प्रल्हादाची आमटी मिशीत.

"आयर्लंड म्हणजे कुठे?" आबा.

"इंग्लंडच्या पलीकडे."

"पलीकडे! म्हणजे इंग्लंडही पुरलं नाही? पाऊस फार असतो म्हणे तिथे."

प्रल्हाद म्हणाला, "आबा, इथे पावसाळ्यात काय चार महिने चटया वाळत घालता?"

"आणि मासे? बांगडा मिळतो का तिथे?"

मंडळी, अहो, माणूस निघालंय समुद्रापलीकडे, आणि ह्यांना चिंता कसली? बांगड्याची! वैजू म्हणाली, "मी काय म्हणते –"

"तू थांब गं," आबा म्हणाले, "आम्ही तुझ्याच भल्याचं बोलतोय."

ती थांबली. संध्याकाळपर्यंत बातमी गावभर. धुऱ्यांच्या ओसरीवर मग काय विचारता! एक आला, तो म्हणाला, "जाच! माझा मेहुणा दुबईला गेला, त्याचं कल्याण झालं." दुसरा म्हणाला, "जाऊ नकोस प्रल्हादा! माझा मेहुणाही दुबईला गेला, परत आला तेव्हा ओळखूच आला नाही." थोडी चौकशी केली तेव्हा कळलं, दोघांचा मेहुणा एकच! वैजू चहा घेऊन आली, म्हणाली, "मी काय म्हणते –" तर तिलाच विचारलं, "वहिनी, साखर संपली का हो?"

प्रल्हादाची अवस्था तर विचारू नका. इथे सगळे त्याला प्रल्हाद मेस्त्री म्हणणार. तिथे कोण म्हणणार? तिथे हा कोण? सिस्टरचा नवरा! आणि गेलो नाही तर? बायको एकटी जाणार, की तीही राहणार, आणि जन्मभर आमटी वाढताना पळी जरा जोरात आपटणार? भेंडी की दोडका, ह्याने कसं ठरवावं हो?

मंगळवारी तो म्हणाला, "आबा, कौल लावू या."

आता कौल म्हणजे काय, ते घाटावरच्या मंडळींना सांगतो. गावच्या देवाच्या पाषाणावर, छातीशी, डाव्या उजव्या बाजूला फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून चिकटवायच्या. गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवापुढे मोठ्याने प्रश्न मांडायचा. उजवीची पाकळी पडली – हो. डावीची पडली – नाही. लग्न, विहीर, जमीन, सगळं गाव असं विचारतं. मी चेष्टा करत नाही हं! श्रद्धेची चेष्टा करील तो कीर्तनकार कसला? मी चेष्टा करतोय ती विचारणाऱ्याची.

बुधवारी सकाळी रवळनाथाच्या देवळात ही गर्दी! बापू गुरव, पंच्याहत्तरीचा म्हातारा, आवाज मात्र असा की नारळावरचा कावळा उडावा. पाकळ्या लावल्या. उभा राहिला आणि घातलं गाऱ्हाणं –

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव. – अहो, तुम्ही पण म्हणा! आरतीला कसा आवाज लागतो?

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो लेकरू पल्लाद धुरी तुझ्या पायाकडे गाऱ्हाणा घेवन इलोहा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येका परदेशाक जावचा हा. तर ह्येणी जावचा काय रवचा, तो कौल देऊन ह्येका मोकळो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांच्या नजरा पाकळ्यांवर. पाच मिनिटं. दहा मिनिटं. उजवी हलेना, डावी हलेना. आबा ओरडले, "पंखा बंद करा! वाऱ्याने पडली तर तो कौल नव्हे!" पंखा बंद. पंधरा मिनिटं. माणसं घामाने निथळायला लागली. एक जण शिंकला, तर दहा जण त्याच्या अंगावर धावले! तो बिचारा म्हणतो, "शिंक काय विचारून येते?"

अर्धा तास झाला. पाकळ्या आपल्या जागी. बापूने परत गाऱ्हाणं घातलं, ह्या वेळी आबांच्या नावाने. नाही! मग समस्त धुरी घराण्याच्या नावाने. नाही!

आता त्या गावची रीत अशी, की देव बोलत नसेल तर देवाचं काही चुकलेलं नसतं. गाऱ्हाणं चुकलेलं असतं! नाव चुकलं असेल, नवस राहिला असेल, मनात काही लपवलं असेल. बापूने विचारलं, "कुणाचा काय रवलाहा काय? आत्ताच सांगा!"

आणि मंडळी, मग जी मजा झाली! आबा खाली मान घालून म्हणाले, "लायसन मिळालं तेव्हा एक कोंबडा बोललो होतो. तो राहिलाय." अहो, लायसन मिळून पन्नास वर्षं झाली! मागून एक जण म्हणाला, "देवळाची घंटा वाजवायच्या दोरीचा तुकडा माझ्या म्हशीच्या गळ्यात आहे." एका बाईने कबूल केलं की गेल्या जत्रेत प्रसादाचा लाडू तिने दोनदा घेतला. दुबईवाल्या मेहुण्याचे दोन्ही मेहुणे तिथेच एकमेकांच्या कुरापती काढून भांडायला लागले! अर्ध्या गावाची पापं बाहेर आली, पण पाकळी? पाकळी ढिम्म!

बापू गुरव खाली बसला. पाणी प्यायला. प्रल्हादाकडे वळला. मग म्हणाला, "पल्लादा, तां पत्र कोणाच्या नावाचा?"

"वैजूच्या."

"नोकरी कोणाची?"

"तिची."

"परीक्षा कोणी दिली?"

"तिनेच."

"मगे तू हंय कित्या उभो?"

म्हणजे, मग तू इथे उभा कशाला? तीन दिवस ओसरीवर गाव बसलं, आयर्लंडचा पाऊस झाला, बांगडा झाला, दुबई झाली. आणि जिच्या नावाने पत्र, ती कुठे होती? दवाखान्यात! ड्यूटीवर! बुधवारी सकाळी कौल आहे हे तिला कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं. प्रल्हादाला वाटलं आबांनी सांगितलं, आबांना वाटलं प्रल्हादाने.

तिला आणायला मोटारसायकल गेली. अर्ध्या तासाने वैजू आली. पांढरा युनिफॉर्म, कपाळावर घाम. तिला वाटलं देवळात कुणाला चक्कर आली, म्हणून बीपीचं मशीन घेऊनच आली होती!

बापू म्हणाला, "पोरी, तुझ्या नावान गाऱ्हाणा घालतंय. सांग, देवाक काय विचारू?"

वैजू देवापुढे उभी राहिली. म्हणाली, "बापू, देवाला विचारू नका. मला जायचंय. ते मला ठाऊक आहे."

आबांनी तोंड उघडलं. ब्रेक मारला त्यांनी, मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःवर!

ती पुढे म्हणाली, "सहा वर्षं रोज पहाटे उठून अभ्यास केला. पहिल्यांदा नापास झाले, घरात कुणाला सांगितलं नाही. मला बघायचंय मला काय काय येतं ते. भीती वाटते. आबांना सोडून जायचं म्हटलं की वाईट वाटतं. पण सोमवारपासून मी हेच सांगत होते, आणि कुणी ऐकायला तयार नाही! मला देवाचा कौल नकोय. त्याला एवढंच सांगा, तिकडे माझ्या पाठीशी राहा."

बापू गुरव उठला. आणि आता मंडळी, तुम्ही वाट बघताय ना, की आत्ता उजवी पाकळी पडणार म्हणून? पेटीवाल्यांनी तर भाताही दाबून ठेवलाय! नाही पडली! पाडली असती मी, माझ्याच तोंडात आहे गोष्ट. पण नाही पडली. बापूने आपल्या हाताने दोन्ही पाकळ्या काढल्या, वैजूच्या ओंजळीत घातल्या, आणि म्हणाला, "देवाचा काम झाला."

प्रल्हाद हळूच म्हणाला, "आणि माझं काय?"

"तुमचं तुम्ही ठरवा," वैजू म्हणाली. "तीन दिवस माझं दुसऱ्यांनी ठरवलं, ते मला फार लागलं. मी तुमच्याशी तसं करणार नाही. पण आलात तर मला आनंद होईल. खूप होईल."

आता आली का पंचाईत? भेंडी की दोडका! प्रल्हादाने देवाकडे बघितलं, तर पाकळ्याच नाहीत! कपाळ पुसलं. आणि म्हणाला, "तू पुढे हो. मी सहा महिन्यांत येतो. आबांची काहीतरी सोय लावतो आणि –"

"सोय?" आबा कडाडले. "मी काय म्हैस आहे सोय लावायला? मला विचारलंस?"

आत्ताच डोक्यात प्रकाश पडलेला माणूस, आणि दुसऱ्या मिनिटाला परत तीच चूक! असे आहोत आपण! पण प्रल्हाद चांगला होता हो. तो वडिलांपुढे जाऊन बसला, जमिनीवर, आणि म्हणाला, "आबा, चुकलं. तुम्हाला काय वाटतं?"

आबांना हे विचारलंच नव्हतं कुणी कित्येक वर्षांत. बायको गेली, नोकरी संपली, घरात औषध घेतलंत का एवढंच विचारायचे सगळे. म्हातारा खांबाला टेकला.

"मला वाटतं, तुम्ही जाऊ नये," आबा म्हणाले. डोळे भरून आले होते. "दोघांनीही. घर खायला उठेल मला. वाटतं ते सांगितलं. सांगितलं म्हणून बरं वाटलं. आता जा."

वैजू शुक्रवारी नाही, गुरुवारीच कळवून मोकळी झाली. गेली. सहा महिन्यांनी प्रल्हादही गेला, आणि तिकडच्या पहिल्याच आठवड्यात दुकानात अर्धा तास भाजीकडे बघत उभा राहिला, असं त्याच्या बायकोनेच आबांना फोनवर सांगितलं. आबा करंजखोलातच राहिले. गावातल्या तिघांनी त्यांना बहिणीकडे राहायला जा म्हणून सांगितलं, त्यांनी तिघांनाही विचारलं, "मला विचारताय की सांगताय?"

मंडळी, मी जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. तो माझा अधिकार नाही. पण एक सांगतो, आणि हे माझ्या वहीत लिहिलेलं नाही.

आमच्या घरीही एक पत्र आलं होतं. बावीस वर्षं झाली. आमच्या थोरलीच्या नावाचं, परदेशात शिकायला या म्हणून. ती बाहेर गेली होती, पत्र माझ्या हातात पडलं. मी पंचांग बघितलं, दोन मित्रांना विचारलं, देवापुढे बसलो. आणि उत्तर लिहिलं – जमणार नाही. तिच्या वतीने. माझ्या सुंदर अक्षरात. ती आली तेव्हा सांगितलं, तिने मान हलवली आणि पाट-पाणी घ्यायला गेली. आता सासरी आहे, इथून दोन तासांवर. सुखी आहे. असं मी सगळ्यांना सांगतो.

तिला अजून विचारलेलं नाही.

उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने मी तिच्याकडे चाललोय. बावीस वर्षं उशीर झाला, माहीत आहे मला. ती काय बोलेल ह्याची भीती वाटते, तेही सांगतो. तुमच्या घरात पत्र कालच आलं असेल, परवा आलं असेल. तुम्हाला एवढा उशीर झालेला नाही. आता आरती होईल, प्रसाद मिळेल, लाडू एकच घ्या. आणि घरी जाऊन ज्याच्या नावाचं पत्र आहे, त्याच्यासमोर बसा, आणि तो बोलेपर्यंत गप्प राहा.