गळती चालू हवी

थायरॉइडच्या स्कॅनसाठी नंबर लावून बसलेल्या वैशालीच्या शेजारी सुरतेच्या भेस्तानचे भाईदास आणि त्यांची बायको मालतीबाई कुजबुजत होते. ती कुजबुज सगळ्या बाकांना ऐकू जात होती. भाईदास समजावत होते,

"माझंच रक्त काढलं, त्यात औषध मिसळलं, परत मलाच टोचलं. आता कॅमेरा त्याच्या मागावर राहणार. पोटात जिथे गळतंय, तिथे डाग दिसणार."

"आणि नाही दिसला तर?"

"मग पोट उघडून शोधावं लागेल. गळती चालू असली तरच दिसते म्हणे. आमच्या कारखान्यात कापडाचा लूम चालू असल्याशिवाय बिघाड कळतो का?"

"अगं बाई! मग घोटाळाच झाला."

"कसला?"

"सकाळीच कानबाईला साकडं घातलं, रक्त आजच्या आज थांबू दे म्हणून. नारळ कबूल केलाय."

"चार दिवस रक्त जातंय, तेव्हा काय करत होतीस?"

"रडत होते!"

"बरं, आता तिला सांग, तासभर थांब."

"देवीला असं सांगतात? ती काय तुमच्या लूमच्या खात्यातली मुकादम आहे?"

"मग दोन नारळ सांग!"

वैशालीने फाइल तोंडासमोर धरली. भाईदासांना आत नेलं. त्यानंतर तासभर मालतीबाईंबरोबर तीही दाराकडे बघत राहिली. शेवटी टेक्निशियन बाई बाहेर आली.

"काकी, मळी गयुं! मिळाली जागा! मोठ्या आतड्यात, उजव्या बाजूला. अजून वाहतंय, म्हणून तर सापडलं. आता डॉक्टर नळी घालून तेवढीच जागा बंद करतील."

मालतीबाईंनी लगेच मुलीला फोन लावला.

"धनश्री, पप्पांचं रक्त अजून वाहतंय! ... अगं, रडतेस काय? पेढे घेऊन ये!"