बासच्या पोटातला सेल

पुरवणी जबाब
दि. ९ डिसेंबर २०२५

मी, स्वप्नील आबाजी बोराडे, वय २९ वर्षे, धंदा नोकरी (खालापूर तालुक्यातील पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कंपनीत इलेक्ट्रिशियन) व सुट्टीच्या दिवशी बास गिटार वाजवणे, राहणार भिसेगाव, कर्जत, जि. रायगड. कोणी बोलावले नसताना पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर आईवडिलांसह राहतो. परवा रविवारी संध्याकाळी मी याच ठाण्यात तक्रार दिली होती की, माझ्या बासच्या आतले इलेक्ट्रॉनिक सामान काढून त्या जागी दुसरे हलके सामान बसवले आहे आणि माझा संशय कळंबकडच्या आदिवासी वाडीवरच्या लडकूवर आहे. ती तक्रार मी मागे घेत आहे. सामान कोणी काढलेले नाही. तक्रार खोटी होती असे लिहू की गैरसमजातून दिली असे लिहू, असे हा जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार ललिता दिसले मॅडम यांनी विचारले. मी गैरसमजातून म्हणालो. त्या म्हणाल्या, "आधी सगळं सांगा, मग ठरवू."

माझा मित्र लडकू धाऊ आगिवले हा कळंब रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये कामाला आहे. खुर्च्या लावणे, स्टेज मांडणे, स्पीकर उचलणे ही त्याची कामे. त्याच रिसॉर्टच्या बारमध्ये आमचा चौघांचा बँड वाजवतो. माझ्या तक्रारीनंतर मॅनेजरने त्याला सांगितले आहे की, पोलिसांचा कागद आणल्याशिवाय फाटकाच्या आत पाऊल टाकायचे नाही. येत्या शनिवारी त्याला तिथे बास वाजवायचा होता. पूर्ण कार्यक्रम वाजवायची ही त्याची पहिलीच वेळ. माझे सामान त्याच्या बासमध्ये बसवले असेल असे मी म्हणालो, म्हणून त्याचाही बास इथे ठाण्यात जमा आहे. त्याची नोकरी आणि शनिवारचा कार्यक्रम या जबाबावर अडले आहेत, म्हणून मी आज कामावर न जाता आलो.

लडकू मला दादा म्हणतो, मी त्याला लडक्या म्हणतो. आमच्या सरावाला तो खुर्च्या पुसता पुसता माझ्या बोटांकडे बघत उभा राहायचा. दोन वर्षांपूर्वी मीच त्याला हाक मारून बास हातात दिला आणि तेव्हापासून शिकवतो आहे. तक्रार देताना त्याच्या वडिलांचे नाव व आडनाव विचारले होते, ते मला सांगता आले नाही. मी त्याच्या घरी जेवलेलो आहे. नाव, आडनाव मला काल त्याने स्वतः इथे सांगितले तेव्हा कळले. त्याचे वय एकतीस आहे. म्हणजे तो माझ्याहून मोठा आहे.

बारमध्ये वाजवायला स्वस्तातले सामान कोणते घ्यावे हे आमच्या भागातली पोरे मला विचारतात. पार शेलूपर्यंतचे फोन येतात. मला ते आवडते, खोटे कशाला बोलू. माझे सांगणे ठरलेले असते. गिऱ्हाईक प्यायला येते, लाकूड बघायला नाही, तेव्हा बासवर पैसे जाळू नका. बासची मान डोळ्याला लावून सरळ आहे का बघा, खुंट्या फिरवून बघा, बटण फिरवताना खरखर येते का ऐका. वाचलेले पैसे ॲम्पमध्ये, म्हणजे आवाजाच्या पेटीत, घाला, कारण लहान ॲम्प ड्रमपुढे मुका होतो. आणि पट्टा रुंद घ्या, तीन तास खांद्यावर वागवायचा असतो. यातले काहीच चुकीचे नाही.

लडकूचा बासही मीच निवडला. आम्ही कल्याणला गेलो होतो. त्याचे मन एका लाल बासवर बसले होते. मी म्हणालो, "रंग वाजत नाही रं, लडक्या," आणि एक जुना, काळा, साधा बास काढायला लावला. तो म्हणाला, "तुमी म्हनाल तो, दादा." घरी येईपर्यंत त्याने तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

दिवाळीत मी स्वतःसाठी बदलापूरच्या एका माणसाकडून वापरलेला बास घेतला. जगाला साधा घ्या सांगणारा मी, स्वतः मात्र भारीतला घेतला. तो माणूस म्हणाला, "ॲक्टिव्ह आहे, माहीत आहे ना?" मी म्हणालो, "माहीत नसायला काय झालं?" मला माहीत नव्हते. ॲक्टिव्ह म्हणजे जोरात वाजणारा, असा माझा समज होता. विचारले असते तर त्याने तिथेच सांगितले असते, पण विचारायचे कसे, मी तर लोकांना सामान निवडून देणारा. अशा बासच्या पोटात चौकोनी सेल असतो. वायर खोचली की सेल चालू होतो आणि वायर काढेपर्यंत संपत राहतो. माझ्या आधीच्या साध्या बासला सेल नव्हता, त्यामुळे घरी वायर खोचूनच ठेवायची मला सवय. नवा बासही दिवाळीपासून वायरसकट भिंतीला टेकून असायचा.

मी आय.टी.आय. केलेला इलेक्ट्रिशियन आहे. हे परत लिहायची गरज नाही असे मॅडम म्हणाल्या. मी म्हणालो, लिहा.

शनिवारी दुपारी रिसॉर्टवर सराव झाला. तिथून मला दुसऱ्या पाळीला खालापूरला जायचे होते, म्हणून मी बास लडकूकडे ठेवला. रिसॉर्टच्या खोलीत उंदीर आहेत, म्हणून तो बास घेऊन वाडीवर आपल्या घरी गेला. रविवारी सकाळी त्याने तो परत आणून स्टेजवर ठेवला.

रविवारी जेवणाच्या वेळी कार्यक्रम होता. दुसऱ्या गाण्याला माझ्या बासचा आवाज फाटला आणि तिसऱ्याला बंदच पडला. मी वायर बदलली, बटणे फिरवली, ॲम्पला थापट्या मारल्या. समोरच्या टेबलावरचे लोक हसायला लागले. लडकू धावत जाऊन सकाळी सोबत आणलेला स्वतःचा बास घेऊन आला आणि त्याच ॲम्पला जोडून बघितला. आवाज खणखणीत आला. तो पट्टा गळ्यातून काढून बास मला देत होता. मॅनेजर म्हणाला, "आता अदलाबदल करत बसू नका. तूच वाजव, लवकर." लडकूने माझ्याकडे बघितले. मी होकाराची मान हलवली.

उरलेला कार्यक्रम लडकूने वाजवला. मी बाजूला स्पीकरच्या खोक्यावर बसलो होतो. तो कुठे चुकतो ते मी बघत होतो. तो चुकला नाही. चुकला असता तर मला बरे वाटले असते. शेवटी टाळ्या पडल्या आणि मॅनेजर म्हणाला, "पुढच्या शनिवारी यालाच राहू द्या." मला लडकूचा राग तिथे आला. चोरीचा संशय त्यानंतर आला. रविवारी मी हा क्रम उलटा सांगितला होता.

ॲम्प चांगला, वायर चांगली, म्हणजे बिघाड बासच्या आत. बास रात्रभर लडकूच्या घरी होता. खुंटीत एक लाल दोरा अडकलेला दिसला, तोही मी पुरावा म्हणून दाखवला. आमच्या बँडमध्ये गाणारी हर्षला म्हणाली होती, "आधी उघडून तरी बघ." मी तिला गप्प केले. याच हर्षलाला मी प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी विचारतो, माइकचा सेल बदललास का? तिच्या बिनवायरच्या माइकलाही तसाच चौकोनी सेल लागतो.

तक्रारीत मी "वाडीवरचा आहे" असे दोनदा सांगितले. मला कोणी विचारले नव्हते. तो माझ्या हाताखाली शिकला, बास चालेना तेव्हा स्वतःचा काढून मला देत होता, हे मी सांगितले नाही.

काल सोमवारी मला व लडकूला चौकशीसाठी बोलावले होते. लडकू बाकावर बसला होता. त्याची आई गोदाही आली होती. मला बघून ती उठली आणि जवळ येऊन म्हणाली, "बाबा, थंडी लय पडते ना डोंगराला. तुजी गिटार मी माज्या गोधडीत गुंडाळली व्हती. त्याच्यानं बिघडली का रं?" तिची गोधडी लाल दोऱ्याने शिवलेली आहे, हे मला माहीत आहे. मी तिच्या घरी त्याच गोधडीवर बसलो होतो. मी वळून टेबलाकडे गेलो.

मग पंचांसमोर, आतले काय काढले आहे ते दाखवा, असे मला सांगण्यात आले. मी माझ्याच पेचकसाने बासच्या मागची पट्टी उघडली. आत सगळे जागच्या जागी होते. तारांचे जोड मूळचे होते, कोणी हात लावलेला नव्हता. कोपऱ्यात चौकोनी सेल होता. तो बघितल्याबरोबर मला सगळे कळले. लडकू बाकावरून म्हणाला, "दादा, काय गेलंय आतलं? सांगा, शोधू आपन." मी म्हणालो, "कळत नाही. दुकानात दाखवावा लागेल." आणि पट्टी परत लावून टाकली. मला कळत होते.

लडकूला आज परत यायला सांगून घरी सोडले. मायलेक चालत निघाले. माझी मोटारसायकल बाहेर उभी होती. ते वळणाआड जाईपर्यंत मी आत थांबलो.

रात्री जेवताना वडिलांनी विचारले, काय झाले. त्यांना मी खरे सांगितले. वडील म्हणाले, "काखेत कळसा आन् गावाला वळसा, हितवर ठीक हाय. मानूस चुकतो. पर कळसा सापडल्यावर बी तू गप बसलास?" मग त्यांनी हात धुतला. ताटात भात तसाच होता.

आज सकाळी मी कर्जतच्या बाजारातून नवा चौकोनी सेल घेतला. दुकानदाराने विचारले, "माइकसाठी का?" मी हो म्हणालो. तिथेसुद्धा मी हो म्हणालो. घरचा लहान ॲम्प घेऊन इथे आलो आणि मॅडम, दोन पंच व लडकू यांच्यासमोर माझ्या बासमधला जुना सेल काढून नवा बसवला, वायर जोडली व जाडी तार वाजवली. आवाज पूर्ण आला. टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरला. मॅडम म्हणाल्या, "एवढंच होतं?" मी म्हणालो, एवढेच होते.

लडकू म्हणाला, "वाजला, बरं झालं." मग त्याने मॅडमना विचारले, "माजा न्हेऊ का?" त्याचा बास त्याला देण्यात आला. त्याने तो डोळ्याला लावून मान सरळ आहे का बघितले, खुंट्या एकेक फिरवून बघितल्या, बटणे फिरवली, आणि मग पिशवीत घातला. हे सगळे त्याला मी शिकवलेले आहे. अनोळखी माणसाकडून घेताना असे बघायचे असते.

तक्रारीबद्दल माझे म्हणणे असे की, रविवारी मी चिडून, न उघडता, न बघता तक्रार दिली, त्याला हवे तर गैरसमज म्हणा. पण सोमवारी पट्टी उघडल्यानंतर मी जे बोललो ते खोटे होते आणि ते मी शुद्धीवर राहून, माझी लाज वाचवण्यासाठी बोललो. तेवढे खोटे असेच लिहावे. त्यावर जी कारवाई असेल ती मला मान्य आहे.

माझी विनंती आहे की लडकू धाऊ आगिवले यांच्यावर कसलाही संशय नाही असा कागद त्यांना आजच द्यावा, म्हणजे ते कामावर जातील व शनिवारी वाजवतील. त्या दिवशी मी तिथे जाणार नाही. मॅनेजरला मी स्वतः भेटून हेच सांगणार आहे. गोदाबाईंना काय सांगू ते मला अजून सुचलेले नाही. त्या आज आलेल्या नाहीत.

माझ्या सांगण्यावरून हा जबाब लडकू आगिवले यांच्यासमोर मोठ्याने वाचण्यात आला. त्यांनी दोन ठिकाणी थांबवले. पहिल्यांदा म्हणाले की, आईचे नाव पूर्ण लिहा. त्याप्रमाणे लिहीत आहे: गोदा धाऊ आगिवले. दुसऱ्यांदा, मी वर त्यांच्या नावाआधी "माझा मित्र" असे सांगितले आहे, तिथे ते म्हणाले, "त्येवढं खोडा, मॅडम. बाकी समदं बराबर हाय."

ते दोन शब्द खोडले असून खोडल्या जागी मी सही केली आहे. बाकीचा जबाब मी ऐकला. तो मी सांगितला तसाच लिहिला आहे व खरा आहे.

समक्ष,
ललिता दिसले, पोलीस हवालदार

स्वप्नील आबाजी बोराडे