टिटवीनं अडवलेली खडी

मुकादम : ढिगाभोवतीची दोरी काढा ताई, हात जोडून सांगतो. सकाळपासून माझी सात माणसं घमेली पालथी घालून त्यांवर बसलीत.

वनरक्षक : बसू देत. ढिगाला हात लागता कामा नये.

मुकादम : अहो, खडीचा ढीग आहे तो. मी आणून टाकलेला, ह्या बाथरूमच्या स्लॅबसाठी. त्यावर कोणी येऊन बसलं म्हणून...

वनरक्षक : नुसती बसली नाही, अंडी घातलीत तिनं. चार. खडीच्याच रंगाची. तुम्ही फावडं मारलं असतं तरी तुम्हाला कळलं नसतं.

मुकादम : एवढं तळं, एवढा मोकळा काठ, आणि हिला माझीच खडी सापडली?

वनरक्षक : टिटवी उघड्यावरच घालते, दगडगोट्यांत. तिला वाटलं असेल, माझ्यासाठीच टाकलीय कोणीतरी.

मुकादम : मी कुठे इथे टाकत होतो? मी तिकडे, गवताच्या कडेला टाकत होतो. "गवत चिरडेल, इथे उघड्यावर टाका" असं कोण म्हणालं?

वनरक्षक : मीच म्हणाले. सकाळपासून तिसऱ्यांदा ऐकवताय.

मुकादम : बरं, किती दिवस बसणार ती?

वनरक्षक : चौथं अंडं परवा दिसलं. अजून चार आठवडे तरी धरा.

मुकादम : चार आठवडे. माझी माणसं शनिवारी दुसऱ्या कामावर चाललीत, मिक्सर त्यांच्याबरोबर. मागोमाग पाऊस. मग ह्या भिंती अशाच उघड्या राहतील, सांगून ठेवतो. दुसऱ्या खडीसाठी खाणीवर फोन केला, तर ते म्हणे पंधरा दिवस गाडी नाही.

(ढिगाकडून टिटवी ओरडत येते, दोघांच्या डोक्यावरून घिरटी घालून परत जाते. दोघंही वाकतात.)

मुकादम : बघा. वर आपल्यालाच दम देते.

वनरक्षक : हळू बोला. चला, ह्या बाजूला या.

मुकादम : उचलून ठेवू का बाजूला? अलगद, टोपलीत घालून. माझा हात हलका आहे.

वनरक्षक : हलवली तर ती ओळखायची नाही. साहेबांनीही फोनवर तेच सांगितलं, उचल आणि ठेव पलीकडे. मी म्हटलं, तसं चालत नाही. तर म्हणाले, टिटवी म्हणजे काही वाघ नव्हे. आणि लगेच विचारलं, कट्टा कुठवर आलाय.

मुकादम : मलाही कट्ट्याचंच विचारतात. शुक्रवारी त्यांचे पाहुणे येणार, त्यांना कट्ट्यावर उभं राहून पक्षी बघायचेत. बाथरूमचं एकदाही विचारलं नाही.

वनरक्षक : चार वर्षं अर्ज करतेय मी. पहिल्या वर्षी फाटकावर सिमेंटचा बगळा बसला. दुसऱ्या वर्षी फोटो काढायची चौकट. मागच्या वर्षी नकाशा आला, त्यात टोप्या विकायचं दुकान होतं, बाथरूम नव्हतंच. विचारलं, तर म्हणाले, राहून गेलं.

मुकादम : मग काढा की दोरी. तुमच्यासाठीच तर चाललंय हे. मला काय, मी झाडामागे जातो.

वनरक्षक : तुम्ही जाता. इथे येणारा प्रत्येक माणूस गळ्यात दुर्बीण अडकवून येतो, मुकादम. मी कुठल्या झाडामागे जाऊ?

मुकादम : हां. हे नव्हतं आलं डोक्यात.

वनरक्षक : लेक पोटात होती तेव्हा सकाळी घरून निघाले की संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हते. डॉक्टरीणबाई ओरडल्या. मान खाली घालून ऐकून घेतलं. आता तिकीट खिडकीवरच्या पोरीला सातवा लागलाय. ती दुपारी घरी जाऊन येते, अर्धा तास जायला, अर्धा यायला. परवा साहेबांनी तिची अर्धी रजा लावली. ती रडली नाही हो, नुसती तिकिटं फाडत राहिली.

मुकादम : अर्धी रजा? एवढ्यासाठी?

वनरक्षक : आणि दोरी मीच बांधलीय. माझ्या हातानं. तुम्हाला वाटतं मला मजा येतेय?

मुकादम : रागावू नका. मी आपलं कामाचं बोललो.

वनरक्षक : कट्ट्याची खडी कुठेय?

मुकादम : फाटकाजवळ. पण ती कट्ट्याची.

वनरक्षक : किती आहे?

मुकादम : आहे... इकडचं अर्धं छत होईल. एक बाजू. अहो, पण तिला हात लावला तर कट्टा राहिला. शुक्रवारी पाहुणे कुठे उभे राहतील?

वनरक्षक : जमिनीवर. मी नऊ वर्षं जमिनीवरूनच बघतेय, दिसतात सगळे पक्षी.

मुकादम : साहेब मला सोलून काढतील. पुढचं काम मिळायचं नाही मला ह्या खात्यात.

वनरक्षक : कामाची वही आणा.

मुकादम : कशाला?

वनरक्षक : आणा हो. पेन आहे माझ्याकडे. लिहिते, की कट्ट्याची खडी माझ्या सांगण्यावरून इकडे वळवली, मुकादमांनी नको म्हटलं होतं. खाली सही, तारीख.

मुकादम : "नको म्हटलं होतं" हे खरंच लिहिणार?

वनरक्षक : म्हटलंतच ना तुम्ही.

मुकादम : तुमची बदली करतील ताई. कुठेतरी लाकूड डेपोत बसवतील, ओंडके मोजत. लेक लहान आहे तुमची.

वनरक्षक : माहितीय. रात्री नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, कर. मग लेकीला थोपटत बसला.

मुकादम : फाटकापासून इथवर दोनशे पावलं. सगळी डोक्यावरून आणावी लागेल.

वनरक्षक : दोन घमेली जास्तीची असतील तर द्या. मी आणि माझा मदतनीस पण हातभार लावतो.

मुकादम : तुम्ही तुमची टिटवी सांभाळा. माणसं माझी बसूनच आहेत. आणि मिक्सर इथे लावत नाही, आवाजानं उठेल ती. फाटकावरच कालवून आणू.

वनरक्षक : बरं होईल.

मुकादम : उद्या उजाडताच धरतो. ही घ्या वही. पण एक सांगा, खडी एकाच बाजूला पुरणार. आधी छत कुठलं घालू, पुरुषांचं की बायकांचं?

वनरक्षक : हे विचारताय तुम्ही मला?

मुकादम : विचारायची पद्धत असते, ताई.