नाव घेईना

सेनगावच्या बसस्थानकात शिवप्रसाद पुस्तकात मान घालून बसला होता. मागच्या बाकावर म्हातारे किशनराव शेजारच्या चांगुणाबाईंना काही सांगत होते आणि त्यांचा आवाज पुस्तकाच्या ओळींवरून वाहत होता.

"काल हितं जवळच गोरेगावात एक जण बाईला झिंज्या धरून जीपकडं ओढून राहिला व्हता."

"अन् तुमी?"

"आमी धा-पंधरा गडी उभे. तो म्हणे, बायको हाय, रुसून चालली."

"बाई काय म्हणे?"

"ह्याला वळखत न्हाई म्हणे. रागात बाया म्हणतेतच तसं! मंग म्याच डोकं लावलं. म्हणलं, बाई, ह्याचं नाव सांग."

"सांगितलं?"

"कुठलं! निस्ती रडली. नवऱ्याचं नाव चारचौघांत कोण घेतंय? समद्यांची खात्री पटली. आमीच समजूत घालून तिला जीपमधी बसवलं."

"भाऊजी, वळखतच नसंल, तर नाव कुठून सांगंल ती?"

किशनराव हसायला गेले. हसू ओठांवरच थिजले.

अनोळखी माणसांशी कधी न बोलणारा शिवप्रसाद वळला. "जीप कुणीकडे गेली?"

"पाहिलं न्हाई, लेकरा," किशनराव म्हणाले. "आमी तवा हसून राहिलो व्हतो."