मिरजेचा डास

मला गाण्याला चल म्हणू नका रं. का ते आज सांगूनच टाकतो.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. माझी बायको मिरजेची, लग्नाआधी गाणं शिकलेली. आमच्या आष्ट्यात तिला गाणं कुठलं ऐकायला मिळणार? वर्षभर मागं लागून तिनं मला मिरजेला सकाळच्या एका बैठकीला नेलं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. आमची दोन वर्षांची मंगल माझ्या मांडीवर झोपलेली.

बुवांचा आलाप काही संपेना. मला चहाची लय तलफ आली, पण मधनंच उठावं तर सासरे शेजारीच बसलेले. मग मी पोरीच्या दंडाला हळूच चिमटा काढला. म्हटलं, ही रडली की हिला घेऊन बाहेर सटकायचं.

पोरगी रडली. पण सासरे म्हणाले, "तुम्ही बसा हो जावईबापू, तिला आईकडं द्या." आणि या हातातनं त्या हातात करत पोरगी बायकांत गेलीसुद्धा. बायको गुपचूप उठली नि तिला घेऊन बाहेर गेली. ती परत आलीच नाही. मी मात्र तीन तास मांडी घालून बसलो.

परतताना एसटीत तिला मंगलच्या दंडावरचा वळ दिसला.

मी म्हटलं, "डास चावला असंल."

"असेल," ती म्हणाली. "आमच्या मिरजेच्या डासांना नखं असतात."

जरा वेळानं तिनं विचारलं, "शेवटी बुवा काय गायले?"

तीन तास बसून मला तेवढंही सांगता आलं नाही.