सुकमतीच्या घराची चाबी

माझ्या पर्समधली ही चाबी कोणाची, म्हणून विचारून राहिले ना? चहा घ्या, सांगते.

आंधळगावजवळच्या वीटभट्टीवर मी उन्हाळ्यात छत्तीसगडच्या मजुरांच्या लेकरांचा वर्ग घेते. गेल्या साली त्यात आठ वर्षांची सुकमती होती. तिच्या गळ्यात काळ्या धाग्यात गावच्या घराची चाबी. लंगडी खेळताना चाबी उडून तिच्या तोंडावर आपटायची, म्हणून मी म्हटलं, "आण, पर्समध्ये ठेवते. सुट्टी झाली का घेऊन जाजो."

ती देईचना. "हरवली तं?"

"मास्तरीण आहो मी, हरवीन कायले?"

हरवली नाही, पण सुट्टीच्या वक्ती आम्ही दोघीबी विसरलो. दुसऱ्या दिवशी मी भट्टीवर गेली, तं भट्टीचं काम संपलेलं, मजुरांचा ट्रक सकाळीच गावाकडं निघून गेलेला.

मुकादमाकडून नंबर घेतला, आठ दिवसांनी तिच्या बापाले फोन लागला. "भाऊ, चाबी माझ्याजवळच राहिली."

"कुलूप तोडलं मॅडम, काही टेन्शन नाही."

मले हायसं वाटलं. "नवीन लावलं ना मग?"

"पोरगी लावूच देत नाही. दारात बसून राहते. म्हणते, मॅडम चाबी घेऊन येतील, अन् नवं कुलूप पाहून वापस जातील."