दोन हातांवरचा चेंडू

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक प्रश्न विचारतो, सोपा आहे. माणसाला लांबचं अवघड, की जवळचं?

लांबचं! — आहा, सगळे एका सुरात बोललात! पेटीवाले, तुमचं काय मत? बघा, मान डोलवली. पेटीवाल्यांचं बरं असतं, मान डोलवली की सुटका!

मग ऐका. आज पुराणातली गोष्ट नाही. हे आपलं देऊळ सोडलं, चढ चढला, की वर शिंगणमाळाचं पठार. तिथं गोल्फचं मैदान आहे. गोल्फ कुणाला कुणाला माहीत आहे? हात वर! दोन. त्यातला एक हात डास मारायला वर गेला होता! — असू द्या. मी सांगतो. एवढासा पांढरा चेंडू, लिंबाएवढा. हातात लोखंडी काठी. लांबवर जमिनीत एक भोक — तांब्याच्या तोंडाएवढं, जास्त नाही. तीन-चारशे हातांवरून चेंडू मारत मारत न्यायचा, आणि त्या भोकात पाडायचा. ज्याला कमी फटके लागले, तो जिंकला. झाला गोल्फ! अशी अठरा भोकं.

आता भोकाच्या भोवती जी जागा असते ना, तिला म्हणतात ग्रीन. तिथलं गवत गालिच्यासारखं कापलेलं. चेंडू तिथं पोचला की मोठ्या काठ्या बाजूला, आणि एक छोटी सपाट तोंडाची काठी हातात. तिला म्हणतात पटर. तिनं चेंडूला मारायचं नाही. नुसतं ढकलायचं, जमिनीवरून घरंगळवायचं. इतकं सोपं! तुमची नातवंडंसुद्धा करतील!

सोपं? थांबा. आता केरबा येतोय.

केरबा लोंढे. वय सत्तेचाळीस. मैदानावरचा कॅडी. म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्याबरोबर चालणारा. पंचवीस वर्षं चालला. पण नुसता हमाल नव्हे हो! ग्रीनवर उतार कुठं आहे, चेंडू किती वळेल, हे केरबा उकिडवा बसून एक डोळा मिटून सांगायचा. "साहेब, वीतभर डावीकडं. हळू. गवत डोंगराकडं झोपलंय." आणि चेंडू जायचाच! रिटायर झालेले एक कर्नल रणपिसे, सहा फुटांचा माणूस, मिशा अशा! ते म्हणायचे, "केरबा नसेल तर मी खेळत नाही."

काय विद्या! दुसऱ्याचा चेंडू असेल तर डोळे मिटून सांगणार.

आणि स्वतःचा असला तर?

वर्षातून एकदा कॅडी लोकांची स्पर्धा असते. मागच्या वर्षी केरबा आणि भिवा ताकवले बरोबरीत. शेवटचं भोक. केरबाचा चेंडू भोकापासून दोन हातांवर. दोन हात! इथून ती समई आहे ना, तेवढं. पडला की जिंकला. केरबा उभा राहिला. उतार वाचला, बरोबर वाचला. पटर मागं नेली — आणि मंडळी, हात थरथरायला लागले! मनगटांत कुणी तरी पाखरू कोंडल्यासारखे. धक्का बसला, चेंडू काठाला घासून पलीकडं. परतीचा दीड हात. तोही चुकला! भिवा जिंकला.

लोक हसले. लोकांना काय, चहा पाजा, हसतील, नका पाजू, तरी हसतील! त्या दिवसापासून केरबाचं नाव पडलं — दोन-हात केरबा.

हसण्यानं माणूस मरत नाही. पण पुढं काय झालं, तर केरबाचा उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, "पिशवी उचलणं बंद." पंचवीस वर्षांचा धंदा बंद! आणि त्याच सुमाराला क्लबानं जाहीर केलं, नवशिक्यांना शिकवणारे मास्तर आता निवृत्त होणार. यंदा कॅडींची स्पर्धा जो जिंकेल, त्याला मास्तरकी.

केरबाला कळलं. हे मिळालं तर मैदान राहील. नाही तर, पोरगी म्हणतेय तसं, शहरात तिच्या बिल्डिंगच्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचं. काम वाईट नाही. पण हा माणूस दुसऱ्याचा उतार वाचल्याशिवाय जगला नसता हो!

मग त्यानं काय केलं? तुम्ही आम्ही करतो तेच. दोष काठीला दिला! भाकरी करपली — तवा वाईट. सूर गेला — पेटी वाईट. पेटीवाले, माझ्याकडं बघू नका! केरबाची पटर जुनी, भंगारातून आणलेली, तोंडाला खड्डे. कर्नलसाहेबांना कळलं. त्यांनी स्वतःची एक झळाळती, जाड डोक्याची पटर त्याच्या हातात ठेवली. "घे. परदेशातून आणलीय. हिच्यानं चुकणारच नाही."

आणि काय सांगू! पहिल्या दिवशी चौदा चेंडू मारले, तेरा पडले! केरबा हवेत. दुसऱ्या दिवशी दहा. आठवड्यानं? पाखरू परत मनगटात. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, केरबाला सातच मिळाले!

आता इथं खरी गोष्ट सुरू होते. सावरून बसा.

मार्गशीर्ष महिना. उजाडता उजाडता केरबा एकटाच सरावाच्या ग्रीनवर. कुणी बघू नये म्हणून लवकर. पण एक जण असायचीच. अनुसयाबाई ढोबळे. ग्रीनवरचं गवत राखणारी. अठरा वर्षं तिनं ते गवत कापलं, त्याला पाणी पाजलं, तळव्यानं चाचपून बघितलं. जन्मात पटर हातात धरली नाही. ती कापणीचं मशीन घेऊन कडेला थांबलेली, की याचं आटपलं की आपण सुरू करू.

केरबानं एक मारला, चुकला. दुसरा, चुकला. तिसरा, चुकला. काठी आपटली! "उतारच फसवा आहे!"

"उतार नाही फसवत, केरबाभाऊ," अनुसयाबाई म्हणाली. "इकडं या. खाली बघा."

मंडळी, थंडीचे दिवस. ग्रीनवर पांढरं दव. आणि त्या दवातून चेंडू जिथून जिथून गेला, तिथं तिथं हिरवी रेघ! तीन चेंडू, तीन रेघा. पाटीवर पेन्सिलीनं काढाव्यात तशा.

"उतार कुठं लागतो?" तिनं विचारलं.

"भोकाच्या अलीकडं. हातभर."

"आणि तुमची रेघ कुठं वाकडी झालीय?"

केरबा वाकला. बघितलं. रेघ उतारापाशी वाकडी नव्हती. पायाशीच वाकडी होती! निघता निघताच फाटा फोडलेला.

"आता पुन्हा मारा. मी तुमच्याकडं बघते, चेंडूकडं नाही."

मारला.

"टोपी हलली," अनुसयाबाई म्हणाली. "चेंडू निघायच्या आधी तुमची मान भोकापाशी पोचली. पडला का, पडला का बघायला! अन् कोपर बघा, बरगडीत रुतलंय. ही काठी तुमची आहे का साहेबांची?"

अहो, काय बाई! शाळा चौथी. पण अठरा वर्षं जमिनीकडं बघितलं होतं. जो जमिनीकडं नीट बघतो, त्याला वरच्यांचे दोष बरोबर दिसतात!

केरबाच्या लक्षात आलं. काठी सहा फुटांच्या माणसाची, हा पाच फूट तीन. काठी लांब, म्हणून चेंडू दूर ठेवायचा. दूर ठेवला, म्हणून डोळे चेंडूच्या वर येत नव्हते. डोळे तिरपे, तर रेघ तिरपी. पंचवीस वर्षं साहेबांना सांगत होता, "डोळे चेंडूवर आणा साहेब." स्वतःला कुणी सांगायचं?

उपाय काय? काठी कापायची. पण भेट आलेली, परदेशी वस्तू! कापायची कशी? दोन दिवस जेवण गोड लागेना. शेवटी गेला कर्नलसाहेबांकडं. दारात उभा. "साहेब... ती पटर... दोन इंच कापली तर चालेल का?"

साहेबांनी चष्मा काढला. मिशी हलली. केरबाला वाटलं, संपलं!

"अरे, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तू स्वतःसाठी काही मागितलंस," साहेब म्हणाले. "काप! माझ्या मापाचा सदरा घालून तू लग्नाला गेला असतास का?"

कापली. वरची रबरी मूठ नवी बसवली, जरा जाड, म्हणजे बोटं आवळायला नकोत. कापल्यानं तोल हलका झाला, तर पटरच्या डोक्यामागं शिशाची पट्टी चिकटवली. आता उभा राहिला की हात खांद्यांतून सरळ खाली लोंबायचे, आणि डोळे बरोबर चेंडूवर.

तर साधन मोठं का? मोठं! पण आपल्या मापाचं असेल तर. आणि तेवढ्यानं भागतं का? केरबाला विचारा! पाखरू होतंच की मनगटात.

"जात नाही हो ही थरथर," तो एक दिवस रडकुंडीला येऊन अनुसयाबाईला म्हणाला.

ती म्हणाली, "मग राहू द्या की. माझी धाकटी तान्ही असताना मला हिवताप होता. अंग थडथडायचं. पण पाळणा हलवायचा तर होताच. मग मी मनगटानं दोरी ओढायची नाही, खांद्यापासून अख्खा हात झुलवायची. माझे हात कापायचे, पाळणा सरळ जायचा."

मंडळी, या वाक्याला मी नमस्कार करतो! मोठमोठ्या मास्तरांनी सांगावं ते त्या माउलीनं पाळण्यावरून सांगितलं.

केरबा मनगटं विसरला. खांदे झुलवायला लागला. जेवढं मागं, तेवढंच पुढं. धक्का नाही, घाई नाही. आधी एक हातावरून. भोकाभोवती गोल आठ चेंडू. सलग चाळीस पडले तर पुढं सरकायचं, एकोणचाळिसावर चुकला तर पहिल्यापासून! मग दोन हात. मग लांबचे, पंधरा-वीस हातांचे. ते पाडायचा हट्ट नाही, भोकाभोवती टोपलीएवढ्या जागेत थांबले तरी पुरे. आधी अंतर, मग दिशा. आणि सगळ्यात अवघड नेम कोणता होता? चेंडू गेला तरी वर बघायचं नाही! जिथं चेंडू होता त्या गवताकडं बघत राहायचं, आणि कानानं ऐकायचं. पडला तर 'टुक' वाजेल. नाही वाजला, तर नाही.

करून बघा घरी! कढईत पुरी सोडा आणि फुगली का ते बघू नका! — जमेल? नाही जमणार! या माणसानं तीन महिने केलं. रोज. गुडघ्याला फडकं बांधून. सकाळी दवात रेघ बघायची. माघात रेघ सरळ यायला लागली. अनुसयाबाई मशीन थांबवून बघायची. नुसती मान हलवायची, की समजायचं — आज बरं झालं.

फाल्गुन आला. स्पर्धा. ऊन चटचटीत, सगळा क्लब कडेला उभा. आणि दैवाची चेष्टा बघा, सतरा भोकांनंतर पुन्हा केरबा आणि भिवा बरोबरीत! अठरावं भोक. भिवा पाच फटक्यांत आटपला. केरबाचे तीन झालेले, चेंडू ग्रीनवर. पडला तर चार. जिंकला!

किती लांब?

बरोबर. दोन हात!

कडेला कुणी तरी खुदकन हसलं. "दोन-हात!" भिवानंच त्याला गप्प केलं. "थांब रे, खेळू दे त्याला." — भिवाही मोठाच माणूस, बरं का! समोरच्याच्या अडचणीवर हसला नाही.

केरबा उभा राहिला. उतार वाचला. डोळे चेंडूवर. आणि हात... थरथरले! तीन महिने घातले, तरी थरथरले! मूठ घामानं ओली. मन म्हणालं, बघ वर. भोक कुठं गेलं बघ. पोरगी, फाटक, खुर्ची, सगळं डोळ्यांसमोर.

केरबानं श्वास सोडला. खांदे झुलवले. मागं. पुढं.

चेंडू निघाला. केरबाची टोपी तसूभर हलली नाही. तो गवताकडं बघतोय. आवाज नाही. अजून नाही! लोकांनी श्वास रोखलेले. चेंडू काठावर आला, रेंगाळला...

टुक!

अहो काय गलका झाला! टोप्या उडाल्या, भिवानं मिठी मारली. आणि केरबा? तो अजून खालीच बघत होता! कर्नलसाहेबांनी खांदा धरून हलवलं, "अरे, पडला! बघ की आता!"

हार घातला. बोला म्हणाले. केरबाला भाषण कुठलं! त्यानं दोन्ही हात पुढं केले, सगळ्यांना दिसतील असे. हात लटलट कापत होते. म्हणाला, "हे अजून असेच आहेत. ह्यांना थांबवता आलं नाही. ह्यांच्यासकट मारायला अनुसयाबाईंनी शिकवलं." आणि गर्दीच्या मागं उभ्या असलेल्या त्या बाईला पुढं आणून आपल्या गळ्यातला हार तिच्या गळ्यात घातला. आज केरबा मास्तर आहे. नवशिके आले की पहिला धडा दवातला, आणि तो धडा अनुसयाबाई देते. क्लबानं तसं कागदावर लिहून दिलंय!

आता सांगा मंडळी. लांबचं अवघड, की जवळचं? काशीला जाऊन येतो आपण. परगावच्या पाहुण्याला हात जोडून गोड बोलतो. आणि एका भिंतीपलीकडं सख्खा भाऊ राहतो, तिथं तोंडातून शब्द फुटत नाही! सासू-सुनेमध्ये एक चूल, अंतर दोन हात. बाप-लेक एका ताटाला बसतात, आणि बोलायचं म्हटलं की हात कापतो. मीही सांगतो — माझी धाकटी बहीण याच गावात दिलीय. चार वर्षं एका वाटणीच्या शब्दावरून मी तिच्या दारावरून मान खाली घालून जातो, आणि इथं उभा राहून तुम्हाला प्रेम शिकवतो!

ती बघा, खांबाला टेकून बसलीय.

कापू देत हात. शब्द बोलावा, आणि समोरच्याच्या तोंडाकडं लगेच बघू नये — पडला का, पडला का!

पेटीवाले, सूर धरून ठेवा. आरतीला पाच मिनिटं उशीर झाला तर देव रागावणार नाही. तुमच्यातल्या ज्याचं कुणी दोन हातांवर बसलं असेल, त्यानं उठावं.

आधी मी उठतो. — सुमन, अगं, जरा सरक. मला बसू दे.